माल्डनच्या हाइथ कीला (तिथला बोटींचा धक्का) बोटीने जायचंय, कुणी गेलंय का?

मंडळी, इंग्लंडात एसेक्समध्ये मित्राची छोटी बोट आहे, ब्लॅकवॉटर नदीतून माल्डनला जाऊन ते जुने शिडाचे बार्ज (मालवाहू होड्या) बघायचेत, पण म्हणे ओहोटीला धक्क्याशी पाणीच नसतं??

>> खरंय, नुसता चिखल! भरतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी उतरायच्या आत निघा, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत १२ तास बसा गाळात (आम्ही बसलोय, बायको अजून ऐकवते). टाइड टेबल (भरती-ओहोटीचं वेळापत्रक) बघून निघा, जमलं नाही तर अलीकडे हेब्रिज बेसिनला लॉक (पाणी अडवणारे दरवाजे) आहे तिथे चौकशी करा.

>> बार्ज मात्र त्या चिखलात मजेत बसतात कारण तळ सपाट असतो, कील (तळाखालचा उभा कणा) नाही, म्हणून वाऱ्याने आडवं सरकू नये यासाठी दोन्ही बाजूंना मोठ्या फळ्या असतात त्या खाली सोडायच्या. एवढं मोठं धूड पूर्वी एक माणूस नि एक पोऱ्या चालवायचे! लंडनला गवत न्यायचे, येताना घोड्यांची लीद आणायचे शेतीला.

>> शिडं तांबडी का असतात?

>> कापड कुजू नये म्हणून गेरू नि तेल चोपडायचे.

>> येताना माल्डनचं मीठ घ्या 😄