आठ महिन्यांचं बाळ मोबाईलशिवाय घास घेत नाही, मला १ ऑगस्टला कामावर जायचंय (कोल्हापूर)

मंगळवारपेठेची_सून

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मुलाला परवाच आठ महिने पूर्ण झाले. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि मामंजी. मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. २६ आठवड्यांची रजा एप्रिलमध्येच संपली, वर बिनपगारी मागून घेतली, आता आणखी मागायला तोंड नाही. मी गेल्यावर बाळ सासूबाईंकडेच राहणार. त्या जीव लावून करतात, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार जेवणाची आहे.

सहा महिने झाल्यावर अंबाबाईचं दर्शन घेऊन मामाच्या हातून उष्टावण केलं. पहिला महिना पेज, मुगाचं वरण-भात, शिजवलेला भोपळा, सगळं मिटक्या मारत खाल्लं. मग खालचे दोन दात आले आणि तोंड शिवल्यासारखं बंद. चमचा जवळ नेला की मान फिरवायची, नाहीतर चमच्यालाच फटका. वरण माझ्या चष्म्यावर. एक दिवस सासूबाईंनी मोबाईलवर गाणी लावली आणि वाटी संपली. झालं! तेव्हापासून मोबाईल नाही तर आ नाही. बघताना त्याचं तोंड नुसतं उघडं असतं, आपण घास ढकलायचा. गिळला की नाही ह्याचा त्यालाच पत्ता नसतो.

त्यात दुपारी चहात बुडवलेलं बिस्किट. मी काही बोलले की "आमची पोरं ह्याच्यावरच वाढली" आणि मामंजी पेपरच्या आडून हुं म्हणतात. जन्माचं वजन २.९ किलो, आता ७.८. सासूबाईंना तो हडकल्यासारखा वाटतो, कारण शेजारचं बाळ गुटगुटीत आहे. मामंजी वॉकर आणायला निघालेत, तो विषय वेगळाच.

तर मला सांगा, मोबाईल कसा सोडवला? सकाळी साडेआठला घर सोडणाऱ्या बाईनं काय करून ठेवावं, जे सासूबाईंना सोपं जाईल आणि त्यालाही आवडेल? आणि घरात वाद न होता हे सगळं सांगायचं कसं?

बावड्याचा_बाबा

वहिनी, आमच्याकडे हाच सिनेमा होऊन गेलाय. मोबाईल हळूहळू कमी करायचा वगैरे भानगडीत पडू नका, एका दिवसात बंद. आमच्या पोरीनं अडीच दिवस उपोषण केलं, दूध तेवढं प्यायली. आमच्या आईनं दोन वेळा रडून घेतलं. तिसऱ्या दिवशी रात्री आम्ही जेवत होतो आणि पोरगी मांडीवर. मी ज्वारीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा काढून वरणात बुडवून ताटाच्या कडेला ठेवला होता, स्वतःसाठी. तिनं उचलला आणि चोखायला लागली. कोणी काही बोललं नाही. बायकोनं मला पायानं ढोसलं, गप बस म्हणून. तीन पापुद्रे संपवले.

तेव्हा कळलं, तिला जेवायचं होतं, भरवून घ्यायचं नव्हतं. आता तुम्हीच बघा, पोराला एकट्याला खुर्चीत बसवायचं, चौघांनी भोवती उभं राहून आ कर आ कर म्हणायचं. मला कोणी असं केलं तर मीही तोंड मिटेन.

रस्सा_मंडळ

पांढरा रस्सा कितव्या महिन्यापासून चालतो? मित्रासाठी विचारतोय.

शिवाजीपेठेची_आज्जी

(नातू टाइप करतोय, आज्जी सांगतेय.) अगं बाळे, रश्श्याचं राहू दे, अळणी दे की. मटण शिजताना हळद-आलं-लसणात जे पाणी सुटतं ना, त्यातलं मीठ घालायच्या आधी वाटीभर काढून ठेवायचं, त्यात भात गुरगुट्या शिजवायचा. आमच्यात सगळी पोरं अळणी पिऊनच तालमीत गेली. आणि सासूला दुखवू नको. तिला म्हण, "आई, तुम्ही पोरांना काय काय करून घालत होता ते मला शिकवा." बघ कशी चहा-बिस्किट विसरून नाचणी भाजायला बसते. रोज मधाचं बोट चाटव आणि गुटी उगाळून दे, भूक लागेल.

नर्स_ताई

आज्जी, अळणीला माझं शंभर टक्के मत. मधाला मात्र अजिबात नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही, उष्टावणात नाही, गुटीत नाही, बोटभरसुद्धा नाही. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात आणि विष तयार करतात. बाळ ढिलं पडतं, दूध ओढत नाही, श्वासावर येतं. मध घरचा असो की पोळ्यावरून काढलेला, फरक नाही. गुटीचंही तेच, सहाण आणि पाणी किती स्वच्छ ह्याची खात्री कोण देणार? मी वॉर्डात आहे म्हणून जरा कडक बोलते, राग मानू नका.

आता ताई, तुमचं. वजन उत्तम आहे. २.९ चं ७.८ म्हणजे अडीच पटीच्या वर गेलंय. साधारण पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट असा हिशेब असतो, आणि सहा महिन्यांनंतर वाढ मंदावतेच. बाळ पालथं पडतं, सरकतं, खर्च करतं. शेजारच्या बाळाशी नाही, त्याच्याच वाढीच्या कार्डावरच्या रेघेशी ताडून बघा. अंगणवाडीत दर महिन्याला वजन करून मिळतं. सासूबाईंना घेऊन जा, कार्डावरचा ठिपका त्यांना स्वतःला बघू दे. तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा तो ठिपका भारी पडेल.

चहाचं मात्र थांबवा. सहा महिन्यांनंतर आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा संपत येतो, पुढचं लोह खाण्यातूनच यायला हवं. चहातला टॅनिन नेमकं तेच शोषू देत नाही. वरून साखर आणि मैदा, त्यानं पोट भरतं आणि जेवणाच्या वेळी भूक नसते. सासूबाईंना एवढंच सांगा की चहामुळे रक्त कमी होतं. ही भाषा त्या पिढीला लगेच कळते. वरणावर दोन थेंब लिंबू पिळलं तर लोह जास्त अंगी लागतं. लोहाचे थेंब चालू आहेत का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

किती खायला हवं, तर ह्या वयात दूध चालू ठेवून दिवसातून दोन-तीन वेळा अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. अर्धी वाटी म्हणजे खरंच अर्धी. बरेच लोक मोठ्या माणसाची वाटी भरून घेऊन बाळामागे पळतात आणि मग "जेवत नाही" म्हणतात. मान फिरवली म्हणजे पोट भरलं. मीठ वर्षापर्यंत नको, साखर दोन वर्षांपर्यंत नको, गूळही नको, अगदी आपल्या कोल्हापूरचा असला तरी.

हातात द्यायला पिकलं केळं, बोटाएवढी उकडलेली बटाट्याची किंवा रताळ्याची फोड (दोन बोटांत सहज चेपली जाईल इतकी मऊ), पूर्ण शिजलेलं अंडं. मांसाहार चालत असेल तर नुसती अळणी पुरे नाही, लोह मटणात असतं, पाण्यात फार उतरत नाही. खिमा मऊ शिजवून वाटून भातात कालवा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं, कच्चं गाजर हाताला लागू देऊ नका. दाण्याचं बारीक कूट चालतं. खोकत, आवाज करत असेल तर ते स्वतःच घास पुढे आणतंय, तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, तोंड काळंनिळं पडलं तर बाळाला पालथं, डोकं खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं पाच दाब, आणि कोणीतरी लगेच १०८ लावायचा. हे सासूबाईंना बाहुलीवर करून दाखवा. मी चेष्टा करत नाही.

वॉकर आणू नका. कॅनडात २००४ पासून तो विकायलाच बंदी आहे. मामंजींना म्हणा, त्या पैशात चटई आणा.

गडहिंग्लजकरीण

साडेआठला निघणाऱ्या बाईसाठी माझं एकच उत्तर, मोड आणलेल्या नाचणीचं पीठ. मी दोन्ही पोरांना हेच केलं आणि सकाळी कामावर गेले.

नाचणी निवडून धुऊन रात्रभर भिजत घालायची, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात एका दिवसात मोड येतात, आत्ताच्या हवेत दोन दिवस धरा, मध्ये पाण्याचा हात मारायचा. पांढरे बारीक कोंब दिसले की वाळवायची. इथंच घोळ होतो, कारण जुलैत आपल्याकडे उन्हाचा पत्ता नसतो. मी परातीत जुनं सुती लुगडं पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवते, मग मंद आचेवर जाड बुडाच्या कढईत हलवत राहते. हाताला दाणा गरम लागला, खमंग वास आला की बंद. गार झाल्यावर दळायची आणि बारीक चाळणीनं चाळायची. मोडाला वास येत असेल, चिकट लागत असेल तर सरळ टाकून द्या, जीव अडकवू नका.

मोडाचा फायदा नुसता पचायला हलकं एवढाच नाही. साध्या पिठाची खीर दोन चमच्यांत गोळा होते, मग आपण पाणी घालत बसतो आणि बाळाच्या पोटात पाणीच जातं. मोड आलेल्या पिठात खीर पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत पीठ जास्त मावतं. वर अर्धा चमचा तूप. सासूबाईंना फक्त पाण्यात कालवून पाच मिनिटं शिजवायचंय.

भाताला आजऱ्याचा घनसाळ मिळाला तर बघा. मऊ होतो आणि वासावरच पोरं येतात. नाही मिळाला तर घरातला कोणताही तांदूळ चालतो, महाग तांदळानं बाळ शहाणं होत नाही.

गंगावेश_कट्टा

एवढं सगळं कशाला? कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध मिळतंय, सकाळ-संध्याकाळ पेलाभर द्या. आम्ही त्यावरच वाढलो.

नर्स_ताई

दादा, तुम्ही प्या, तुमचं वय आहे. एक वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य दूध म्हणून नको, त्यात लोह नसल्यात जमा, आणि धारोष्ण म्हणजे न तापवलेलं तर कोणत्याच लहान मुलाला नको. ताई, तुम्ही अंगावर पाजता ना? मग दूध काढून ठेवून जा. बाहेर चार तासांच्या वर नको, फ्रीजमध्ये आत, दारात नाही, चार दिवस राहतं. पाजताना भांडं गरम पाण्यात ठेवून कोमट करायचं, गॅसवर चढवायचं नाही. आणि कंपनीत विचारा, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसात दोन वेळा जादा सुट्टी कायद्यानं मिळते. शिरोलीहून घरी येऊन पाजणं जमणार नाही, पण त्या वेळात दूध काढता येईल.

पंचगंगा_४३

थोडं अवांतर. २०१९ च्या पुरात आमची थोरली सात महिन्यांची होती. पाणी गल्लीत शिरल्यावर रात्री निघालो, झबली घेतली, टोपडं घेतलं, खायचं काही घेतलं नाही. चार दिवस पाहुण्यांकडे दुसऱ्यांच्या हातचं तिखट, पोरगी नुसत्या दुधावर. आता पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर (इशारा पातळी) गेलं की मी पिशवी भरतो, ४३ ची (धोका पातळी) वाट बघत नाही. भाजलेलं पीठ, उकळून गार केलेलं पाणी, ओआरएसची पाकिटं, वाटी-चमचा, लसीचं कार्ड. तुमच्या घराला पाणी लागत नसेल, पण पुराच्या दिवसांत नळाचं पाणी गढूळ येतं किंवा येतच नाही. बाळाचं पाणी उकळूनच द्या.

मंगळवारपेठेची_सून

बारा दिवसांनी येतेय, सगळ्यांचे आभार.

आज्जींचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. सासूबाई आधी माझ्याकडे बघत राहिल्या, बहुतेक टोमणा वाटला. मग म्हणाल्या, "मोठ्याला मी तांदूळ-मुगाची भरड करून ठेवायचे." संध्याकाळी स्वतःच लक्ष्मीपुरीतून नाचणी घेऊन आल्या. पहिल्या खेपेचे मोड चिकट झाले, फेकले. दुसरी खेप जमली. लुगडं त्यांचंच.

मोबाईल बंद केल्यावर दोन दिवस घर डोक्यावर घेतलं त्यानं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंघोळीला गेल्यावर सासूबाईंनी गुपचूप लावलाही होता, आवाज बंद करून. मी बाहेर आले तर दोघंही माझ्याकडे चोरासारखे बघतायत. मला हसू आलं, मग त्यांनाही. तिसऱ्या दिवसापासून तो मामंजींच्या मांडीवर, आमच्याबरोबर जेवायला. मामंजींचं ताट आता ताट राहिलेलं नाही. ते पेपर बाजूला ठेवतात, एवढं मात्र झालंय. भाकरीचा पापुद्रा चालला, रताळं चाललं, अंडं थुंकलं. सगळं मिळून अर्ध्या वाटीच्या आसपास जातं, कधी कमी.

अंगणवाडीत वजन केलं, ८ किलो. ताईंनी ठिपका दाखवला, हिरव्या पट्ट्यात. सासूबाईंनी कार्ड घरी येईपर्यंत हातातच धरलं होतं. चहा थांबलाय, बिस्किट अजून अधूनमधून दिसतं. वॉकर आला नाही, चटई आली.

गडहिंग्लजकरीण, एक राहिलं. ह्या दमट हवेत ते पीठ किती दिवस टिकतं?

गडहिंग्लजकरीण

पंधरा दिवसांपुरतंच दळा. घट्ट झाकणाचा डबा, फ्रीजमध्ये, आणि ओला चमचा घालायचा नाही. सासूबाईंना विचारा, त्या ओल्या चमच्यावरून मीच माझ्या सासूचं बोलणं खाल्लंय.