पावसाळ्यात टेबलाच्या माथ्याला बाक आला, रंधा मारू का?

सूतभर
आंब्याच्या चार फळ्या फेव्हिकॉलने जोडून अभ्यासाच्या टेबलाचा माथा केलाय. ४ फूट बाय २ फूट, जाडी १ इंच. एप्रिलमध्ये सपाट होता. वरून मेलामाइन पॉलिशचे तीन हात, खालची बाजू कोरीच. आता जुलैत लांबीच्या दोन्ही कडा वर आल्यात. आडवी पट्टी धरली की मधे २ सूत (पाव इंच) फट. फ्रेमच्या आठ स्क्रूंपैकी कडेचे दोन लाकडातून उपटून आलेत. सुतार म्हणतो रंधा मारा, नाहीतर खालून करवतीच्या खाचा पाडा. घर दादरला, एसी नाही.

गुण्या
रंधा आत्ता अजिबात नको. कोऱ्या बाजूने दमट हवा ओढली, ती फुगली. वरच्या बाजूला पॉलिश आडवं आलं. म्हणून कडा वर. आज घासून सपाट केलात तर हिवाळ्यात खालची बाजू आकसून माथा उलटा पोक काढेल, आणि जाडी गेली ती गेलीच.

आठही स्क्रू काढा. जमिनीवर १ इंची तीन पट्ट्या ठेवून त्यावर माथा पॉलिशची बाजू खाली करून ठेवा. कोरी बाजू वर, पंख्याखाली. उन्हात टाकू नका, फळीची टोकं आधी वाळून चिरतात. बाक हळूहळू उतरेल, पण पावसात पूर्ण जाईल ही आशा नको.

पटाशीवाला
खाचांबद्दल: त्या पाडल्या की कोरं लाकूड आणखी उघडं पडतं, माथाही कमजोर होतो. सुताराला काम आजच संपवायचंय, एवढाच त्याचा अर्थ.

ऑक्टोबरचं ऊन पडलं की खालीही तेवढेच तीन हात द्या, फळीच्या टोकांना एक जास्त. त्याआधी घाई नको. दमट हवेत मेलामाइन पांढरं पडतं.

खरी चूक घट्ट आवळलेल्या स्क्रूंची. लाकडातला ओलावा ४ टक्क्यांनी बदलला तर २ फूट रुंदीत साधारण दीड सूत फरक पडतो. तो कुठेतरी जाणारच, म्हणून स्क्रू उपटले. मधल्या स्क्रूंची भोकं गोल राहू द्या. कडेची भोकं फ्रेममध्ये, माथ्याच्या रुंदीच्या दिशेने, कानशीने लांबट करा. ५ मिमी स्क्रूला १२ मिमी लांब भोक, खाली रुंद वॉशर. स्क्रू टेकेपर्यंतच आवळा. उपटलेल्या जागी नवं भोक दीड-दोन इंच बाजूला घ्या.

सूतभर
खालून दोन आडव्या पट्ट्या फेव्हिकॉलने चिकटवल्या तर?

पटाशीवाला
चिकटवू नका. पट्टीची लांबी जवळजवळ बदलत नाही, माथ्याची रुंदी बदलते. मग जोड उकलतो किंवा माथा चिरतो. पट्टी हवीच तर तिलाही लांबट भोकं आणि नुसते स्क्रू.

गुण्या
एक तपासणी राहिली. दोन्ही टोकांना एकेक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि एक डोळा मिटून दोन्हींच्या वरच्या कडा जुळतात का बघा. तिरक्या दिसल्या तर बाकाबरोबर पीळही आहे. पीळ स्क्रूने ओढून बसत नाही, फ्रेमच डुगडुगायला लागते. तेव्हा मात्र वाळल्यावर माथा लांबीत ३-४ इंची पट्ट्यांत चिरून, प्रत्येक पट्टी रंधून पुन्हा जोडावी लागेल. त्यात जाडी जाते, म्हणून तो शेवटचा उपाय.