मदत हवी आहे : १९६९च्या गोदावरीच्या पुराचे कृष्णधवल फोटो - काय दुरुस्त करावे आणि कशाला हात लावू नये?

माझे थोरले काका नोकरी सांभाळून हौसेने फोटो काढत आणि पंचवटीतल्या घरी एक खोली काळोखी करून तिथेच फिल्म धुऊन प्रिंट तयार करत. त्यांच्या पश्चात हा सगळा संग्रह माझ्याकडे आला आहे. त्यात गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार आहे, सिंहस्थातली गर्दी आहे आणि मुख्य म्हणजे १९६९च्या महापुराच्या फिल्म आहेत. या पुराच्या फोटोंबाबत मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिली अडचण जतनाची आहे. पत्र्याच्या एका डब्यातल्या फिल्मना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि त्यांच्या कडा वाकू लागल्या आहेत. ॲसिटेट या प्लास्टिकच्या फिल्मचा पाया कुजू लागला की त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढची झीज वेगाने घडवते, एवढे मला ठाऊक आहे. म्हणून त्या फिल्म मी इतरांपासून वेगळ्या करून कागदी पाकिटांत ठेवल्या आहेत. आम्लाचे प्रमाण दाखवणाऱ्या, निळ्याच्या हिरव्या आणि मग पिवळ्या होणाऱ्या कागदी पट्ट्या नाशिक किंवा पुण्यात कोठे मिळतात का? थंडाव्यात झीज मंदावते हे खरे, परंतु घरगुती फ्रिजमध्ये दमटपणाही असतो. पावसाळ्यात कोणी फिल्म अशा ठेवल्या असतील, तर पॅकिंग कसे केले ते कृपया लिहावे.

दुसरी अडचण एका मोठ्या प्रिंटची आहे. दर्शनी खोलीच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर ती अनेक वर्षे टांगलेली होती. तिचा वरचा कोपरा काचेला चिकटला आहे आणि तिथे बुरशीचे ठिपकेही दिसतात. गडद भागांत, विशेषतः कडांना, निळसर चंदेरी चमक आली आहे; ती चांदीचे सूक्ष्म कण पृष्ठभागावर आल्यामुळे येते. एका स्टुडिओवाल्यांनी प्रिंट काचेसकट पाण्यात भिजवून सोडवून देण्याची तयारी दाखवली, मात्र बुरशीने खाल्लेले जिलेटिन (प्रिंटवरचा, चित्र धरून ठेवणारा थर) पाण्यात विरघळू शकते, त्यामुळे मी नकार दिला. तूर्त काचेतूनच, दोन्ही बाजूंनी तिरपा प्रकाश टाकून तिचा फोटो काढून ठेवावा, असा माझा विचार आहे. यापेक्षा सुरक्षित मार्ग कोणाला माहीत आहे का?

आता खऱ्या प्रश्नाकडे येतो. पुराच्या एका फोटोत गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीचे फक्त डोके पाण्यावर दिसते आणि मूर्तीच्या अलीकडे काही माणसे एका भिंतीच्या आधाराने सरकत आहेत. नाशिककर पुराची उंची याच मूर्तीवरून मोजतात, त्यामुळे त्या क्षणी पाणी कुठवर आले होते हे फोटोवरूनच कळते. ही निगेटिव्ह स्कॅन करून एका व्यावसायिकाकडे साफसफाईसाठी दिली, तेव्हा त्यांच्या सॉफ्टवेअरने भिंतीवरची एक बारीक पांढरी रेघ ओरखडा समजून पुसून टाकली. मूळ प्रिंट भिंगाखाली पाहिली तर ती रेघ एका माणसाच्या खांद्यामागून जाते, पुढच्या माणसाच्या मुठीत येते आणि तिथून भिंतीतल्या कडीपर्यंत पोहोचते. ओरखडा कोणाच्या खांद्यामागून जात नाही. तो सगळ्यांवरून सरळ जातो. ती रेघ म्हणजे दोर आहे! दोर गेल्यावर माणसे उगाच हात पुढे करून उभी असल्यासारखी दिसू लागली. याच प्रतीत मागच्या होडीवाल्याच्या अस्पष्ट चेहऱ्याला डोळे, भुवया आणि मिशीही मिळाली, जी निगेटिव्हवर कुठेच नाही.

त्यामुळे डागांची जात ओळखल्याशिवाय काहीही पुसू नये, असे माझे मत झाले आहे. निगेटिव्हवरची धूळ प्रकाश अडवते म्हणून प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो, तर इमल्शन (फिल्मवरचा, चित्र असलेला थर) खरवडले गेले असेल तर काळी रेघ उमटते. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ घोटाळे टळतात.

एका बाबतीत मात्र माझा निर्णय होत नाही. निगेटिव्ह स्कॅन केली की आकाश फिकट आणि सपाट येते. काकांच्या प्रिंटमध्ये तेच आकाश जड आणि काळवंडलेले आहे, कारण एन्लार्जरखाली (निगेटिव्हचे चित्र मोठे करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली) त्यांनी त्या भागाला जास्त प्रकाश दिला होता. पांढरे ठिपकेही त्यांनी बारीक कुंचल्याने रंगवून घालवलेले दिसतात. डोरोथिया लँग यांच्या १९३६ सालच्या, कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित मजूर आईच्या प्रसिद्ध फोटोतही तंबूच्या खांबावरचा अंगठा पुढे निगेटिव्हवरच पुसट करण्यात आला होता, म्हणजे छायाचित्रकाराच्या हस्तक्षेपाला मोठी परंपरा आहे. तपशिलासाठी निगेटिव्ह आणि प्रकाशछायेसाठी काकांची प्रिंट प्रमाण मानावी, असा माझा कल आहे. तथापि पुरासारख्या घटनेच्या नोंदीत असे गडद केलेले आकाश ठेवणे योग्य की नाही, यावर जुन्या डार्करूममध्ये काम केलेल्यांचे मत ऐकायला आवडेल.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात : ६ × ६ सेंटीमीटरच्या निगेटिव्ह २४०० पीपीआयवर (दर इंचाला २४०० पिक्सेल), १६ बिट टिफ फाइलमध्ये करत आहे, साधारण ५३०० पिक्सेल रुंदी मिळते. वाकलेल्या फिल्म सपाट धरण्यासाठी काचेची चौकट वापरल्यास फोटोवर तेलाच्या तवंगासारखी वलये येतात. त्यावर उपाय असल्यास जरूर सांगावा. तसेच नाशिक, पुणे किंवा मुंबईत छायाचित्रांच्या संवर्धनाचे प्रत्यक्ष काम करणाऱ्या व्यक्तीचा अनुभव कोणाला असेल, तर खर्चाच्या अंदाजासह लिहावे. मोबाइलवरच्या रंग भरणाऱ्या ॲपची नावे मात्र कृपया सुचवू नयेत.