डेरीचा लुंडी आणि नासपतीचं झाड

जुनाखलिता: उत्तर आयर्लंडमधल्या डेरीत प्रोटेस्टंट मंडळी दर डिसेंबरात शहराचा जुना गव्हर्नर लुंडी याचा भलामोठा पुतळा गळ्यात 'गद्दार' अशी पाटी अडकवून जाळतात. १६८९ मध्ये कॅथलिक राजा दुसऱ्या जेम्सच्या फौजेने या प्रोटेस्टंट शहराला वेढा घातला, तेव्हा तो कॅथलिकांना फितूर झाला आणि नासपतीच्या झाडावरून तट उतरून पळाला म्हणे. यात खरं किती? आणि त्या फौजेच्या तोंडावर शहराचे दरवाजे लावल्याची तारीख कुठे ७ डिसेंबर, कुठे १८, हा काय घोळ आहे?

तटबंदी: रॉबर्ट लुंडी स्वतः प्रोटेस्टंट, स्कॉटिश. वेश पालटून पळाला हे खरं. वेढ्यातला पाद्री जॉर्ज वॉकर याने १६८९ मध्येच छापलंय की पाठीवर बंदुकीचा बार पेटवायच्या तोड्याच्या दोरीचा भारा घेऊन तो सटकला. झाड मागाहून चिकटलेलं. फितुरीचा पुरावा लंगडा आहे: मदतीला आलेल्या दोन पलटणी त्याने 'दहा दिवसांचंच धान्य उरलंय' म्हणून परत लावल्या. शहर पुढे १०५ दिवस झुंजलं, म्हणजे हिशेब साफ चुकला. पण त्यावरून माणूस भित्रा ठरतो, विकला गेलेला नाही. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ, तसा तिकडे लुंडी; वर्षही तेच, १६८९.

पंचांगवाला: १३ शिकाऊ कामगार पोरांनी डेरीचा फेरीक्वे दरवाजा लावला ७ डिसेंबर १६८८ ला, जुन्या कालगणनेने. १७५२ मध्ये ब्रिटनने ११ दिवस गाळले, ते मिळवून १८. (काटेकोर बोलायचं तर सतराव्या शतकात फरक १० दिवसांचाच, म्हणजे १७ हवी, पण रूढी ती रूढी.) हल्ली सोयीसाठी महिन्याचा पहिला शनिवार धरतात. गंमत अशी की दरवाजे लागले तेव्हा लुंडी गावात नव्हताच, पलटण घेऊन नंतर आला. त्याचा 'गुन्हा' एप्रिलमधला, जाळतात मात्र डिसेंबरात.

तटबंदी: अजून एक दंतकथा. तटावर वॉकरचा उंच स्तंभ होता, १८२८ चा. लुंडीचा पुतळा त्यालाच टांगून जाळत. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेत बसायचा हक्क मिळाला तेव्हा स्तंभावरच्या दगडी वॉकरच्या हातातली तलवार आपोआप गळून पडली, असं सांगतात. स्तंभ आयआरएने (आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेने) १९७३ मध्ये उडवला.

जुनाखलिता: मग वॉकरवर तरी किती विसंबायचं?

पंचांगवाला: वेढ्यात खाण्याच्या जिनसांचे दर काय होते, ती त्याची यादी वाचा: मोठा उंदीर १ शिलिंग, चिटुकला ६ पेन्स, मांजर साडेचार शिलिंग, कुत्र्याचा चौथा हिस्सा साडेपाच, आणि वर शेरा की कुत्री मेलेल्या आयरिशांवर पोसलेली. पण तो अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा. प्रेस्बिटेरियनांचं (दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं) श्रेय त्याने खाल्लं म्हणून त्या पंथाच्या जॉन मॅकेंझीने १६९० मध्ये उलट वृत्तांत छापला. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचा.