क्लॉक किंगचा खरा पूर्वेतिहास कोणता? आणि पंधरा मिनिटांवरून एवढा राग?

शाईचा_डाग

मंडळी, हौस म्हणून 24 पानांचं एक कॉमिक काढतोय. खलनायक म्हणजे वेळापत्रकाने झपाटलेला माणूस. सगळं जिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या मिनिटाला. आपल्या आधी कोणी काय करून ठेवलंय ते बघावं म्हणून डीसी कॉमिक्सच्या क्लॉक किंगची माहिती काढायला बसलो आणि गोंधळलो. एकीकडे त्याचं नाव विल्यम टॉकमन, दुसरीकडे टेम्पल फ्यूगेट. एकाला आजारी बहीण, दुसऱ्याला कोर्टातली तारीख चुकल्याचा डंख. हा एकच माणूस आहे का? नसेल तर खरा कोणता?

दुसरा प्रश्न जास्त छळतोय. फ्यूगेटचा भाग काल पुन्हा पाहिला. कॉफीची सुट्टी पंधरा मिनिटं पुढे ढकलली म्हणून माणूस सात वर्षं डूख धरतो आणि महापौराचा जीव घ्यायला निघतो? लहानपणी पटलं होतं. आता हसू आलं. माझ्या खलनायकाचं असं व्हायला नको.

जुना_अंक

दोन वेगळी माणसं, नाव एक.

टॉकमन आधीचा. वर्ल्ड्स फाइनेस्ट कॉमिक्सच्या 111 व्या अंकात, 1960 साली आला. लेखक फ्रान्स हेरॉन, चित्रं ली इलियासची. तो बॅटमनचा शत्रू नाहीच, ग्रीन ॲरो या धनुर्धारी नायकाचा. अंगभर घड्याळांची नक्षी आणि तोंडावर तबकडी, असा वेष. त्याची कथा अशी: बहीण अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर सांगतात, तुझे सहाच महिने उरलेत. आपल्यामागे हिचं कसं होणार म्हणून हा बँक लुटायला जातो. सगळं जमत आलेलं असताना मूक अलार्म वाजतो, पकडला जातो. तुरुंगात असताना बहीण एकटीच जाते. वर कळतं की याला आजार नव्हताच, डॉक्टरांकडे दोन रुग्णांचे कागद एकमेकांत मिसळले होते. तिथून क्लॉक किंग.

मध्ये 1966 च्या बॅटमन मालिकेतही एक क्लॉक किंग होऊन गेला, वॉल्टर स्लेझॅकने केलेला. त्याला काही दुःखबिःख नाही. बॅटमन-रॉबिनला भल्यामोठ्या वाळूच्या घड्याळात कोंडतो, एवढंच. ते दोन भाग लिहिणाऱ्यांत खुद्द बिल फिंगर होता, म्हणजे ज्याने बॉब केनबरोबर बॅटमन घडवला तो.

फ्यूगेट बॅटमनच्या 1992 च्या ॲनिमेटेड मालिकेतला. लेखक डेव्हिड वाइझ, आवाज ॲलन रॅकिन्सचा. नाव म्हणजे 'टेम्पस फ्यूजिट' या लॅटिन वाक्प्रचारावरची कोटी. वेळ उडून जाते, असा अर्थ.

अवांतर: पुढे टॉकमनची फारच परवड झाली. जस्टिस लीग या डीसीच्या नायकांच्या संघाच्या विनोदी काळात इन्जस्टिस लीग नावाच्या नालायक टोळीत त्याला घातला, आणि 1990 च्या वार्षिक अंकात त्या टोळीची जस्टिस लीग अंटार्क्टिका करून बर्फात पाठवली. सगळी रेखावृत्तं जिथे येऊन मिळतात त्या खंडावर घड्याळाचा राजा! लेखकांनी हे मुद्दाम केलं की नकळत, देव जाणे, पण मी त्या पानावर पोट धरून हसलो होतो.

पाव_सेकंद

शाईचा डाग, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचा मला थोडा हक्क आहे. मी 31 वर्षं कारखान्यात टाइम स्टडी केली. फ्यूगेटचा जो धंदा दाखवलाय, कार्यक्षमता तज्ज्ञ, तोच साधारण माझा. फरक इतकाच की मी टोकदार काट्याची तलवार करून कोणाच्या मागे लागलो नाही. (हलके घ्या.)

तो भाग मुलाबरोबर पाहिला तेव्हा मला हसू आलं नाही, राग आला. राग फ्यूगेटचा. हा माणूस आमच्या धंद्यात कच्चा आहे!

सांगतो. टाइम स्टडीला आमच्याकडे दशमान स्टॉपवॉच असायचं. तबकडीवर मिनिटाचे 60 नव्हे, 100 भाग. कामगाराच्या मागे थोडं बाजूला उभं राहायचं, फळीवर कागद, प्रत्येक हालचालीची वेळ टिपायची. नग उचलला, बसवला, भोक पाडलं, काढला, ठेवला. त्याच्या वेगाला रेटिंग द्यायचं. त्यावरून मूळ वेळ निघते. पण ती वेळ तशीच कोणाच्या माथी मारत नाहीत. तिच्यात अलाउन्स, म्हणजे विसाव्याची जादा वेळ, घालतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तक्त्यात पुरुषांना वैयक्तिक गरजांसाठी 5 टक्के आणि मूळ थकव्यासाठी 4 टक्के, हे कमीत कमी. धूळ, आवाज, उभं राहणं, वजन उचलणं, त्याचे वेगळे. नुसते 9 टक्के धरले तरी आठ तासांत जवळजवळ 40 मिनिटं होतात. ही कामचुकारी नाही. हा हिशोबाचा भाग आहे.

आता मुद्दा. अलाउन्स किती, ते आम्ही ठरवतो. कधी, ते ठरवत नाही. माणूस दमला की हात पुसेल, पाणी पिईल, उभ्या उभ्या कंबर मोकळी करेल. ते तीन वाजताच कर, असं सांगणारा टाइम स्टडीवाला मी पाहिला नाही. फ्यूगेटकडे सुट्टी आहे, रोजची आहे, पण ती घड्याळाला खिळ्याने ठोकलेली. म्हणून हॅमिल्टन हिल, पुढे महापौर झालेला तोच, त्याला भुयारी गाडीत सहज म्हणतो की जरा सैल सोड, कॉफी थोडी उशिरा घे, आणि फ्यूगेट ते ऐकतो, तेव्हा पुढचं सगळं कोसळतं. बागेत कागद उडतात, कारंजं मध्ये येतं, कोर्टात पोचायला उशीर, अपील जातं, धंदा बुडतो. वेळापत्रकात दोन कामांमध्ये एका पानाइतकीही फट नव्हती. ज्याने स्वतःला शून्य टक्के अलाउन्स दिलाय त्याचं असंच होणार, हिल भेटो न भेटो.

हे मला कुठून कळलं तेही सांगतो. नोकरीचं पहिलं वर्ष. ड्रिलिंग मशिनवर एक वयस्कर ऑपरेटर होते, त्यांचा स्टडी मला दिला. नगाला 0.80 मिनिट बसत होतं, छान सुरळीत. फक्त दर बाराव्या नगानंतर ते खांद्यावरचं फडकं घेऊन हात आणि जिग (नग पकडून ठेवणारा साचा) पुसायचे. साधारण 0.60 मिनिट. मी ते 'फॉरेन एलिमेंट' म्हणून कापून टाकलं. कामाचा भाग नाही म्हणून. अलाउन्स घालून हिशोब आला पाळीला 550 नग. पत्रक आमच्या साहेबांकडे नेलं. त्यांनी मशिनकडे पाहिलं, पत्रक पाहिलं आणि एवढंच विचारलं, "फडकं कुठे गेलं?"

तेल पुसलं नाही तर नग जिगमध्ये नीट बसत नाही, भोक तिरकं जातं. ते 0.60 बारा नगांत वाटायचं होतं, म्हणजे नगामागे 0.05. हिशोब पुन्हा केला, 518 आले. माझ्या नीटनेटक्या कागदाने त्या माणसाच्या डोक्यावर रोज 32 नगांचं ओझं चढवलं असतं, आणि ते जमलं नसतं तेव्हा दोष त्यांचा ठरला असता. चूक माझ्या कागदाची, शिक्षा त्यांना.

तर पंधरा मिनिटांचा राग मला हास्यास्पद वाटत नाही. मला तो फार ओळखीचा वाटतो. फडकं कापून टाकणाऱ्याला फडक्याचाच राग येतो. शेवटाकडे फ्यूगेट बॅटमनला बोलून दाखवतो ते आठवा. ज्या दाव्यात तो बुडाला तो लढवणारी फर्म हिलचीच होती. तरी ते त्याला फारसं खुपत नाही. खुपतं ते एवढंच, की त्याच्यामुळे मला उशीर झाला.

तुमच्या खलनायकाला मोठं दुःख देऊ नका. त्याने काय कापून टाकलंय ते ठरवा.

लॅटव्हेरियन

काका, प्रतिसाद जपून ठेवतोय. पण शिस्तीचा खलनायक म्हटलं की मला मार्व्हल कॉमिक्सचा खलनायक डॉक्टर डूमच आठवणार. 'एम्परर डूम' वाचा, 1987 ची ग्राफिक कादंबरी, डेव्हिड मिशेलिनीची. पर्पल मॅनची दुसऱ्याला वश करायची शक्ती वापरून डूम सगळं जग ताब्यात घेतो. आणि जग खरोखर सुधारतं! युद्धं थांबतात, भुकेलेल्यांना अन्न मिळतं. नायकांपैकी वंडर मॅन तेवढा प्रयोगाच्या टाकीत बंद असतो म्हणून वाचतो. मजा पुढे आहे: डूम कंटाळतो. रोज कारभाराचे कागद, सह्या, अहवाल. शेवटी हरतो तेव्हा थोडं सुटल्यासारखंच वाटतं त्याला. शिस्त आणायची त्याला हौस, राखायची नाही. फ्यूगेट त्याच्यापुढे कारकून वाटतो.

पाव_सेकंद

कारकूनच आहे, म्हणून तर भीती वाटते. डूमला शिस्त दुसऱ्यांसाठी हवी. फ्यूगेट वेळापत्रकात पहिलं नाव स्वतःचं घालतो. सही करायचा कंटाळा त्याला कधी येणार नाही, आणि म्हणून तो थांबणारही नाही.

त्याला योग्य नोकरी एकदाच लागली बघा. जस्टिस लीग अनलिमिटेडमधला 2005 चा 'टास्क फोर्स एक्स' भाग. सरकारी अधिकारी अमांडा वॉलर त्याला तुरुंगातून उचलते आणि वॉचटॉवरवरच्या, म्हणजे लीगच्या अवकाशातल्या तळावरच्या, चोरीची आखणी त्याच्याकडे देते. डेडशॉट, कॅप्टन बूमरँग वगैरे मंडळी वर, सेकंदासेकंदाचा आराखडा याचा. तिथे तो कोणावर डूख धरत नाही. काम मिळालंय ना!

जुना_अंक

+1. आणि टॉकमनच्या बाजूने एक राहिलं. 2014 मध्ये 'ॲरो' मालिकेत रॉबर्ट नेपरने जो टॉकमन केला, तिथे बहिणीचा आजार परत आणला. म्हणजे लिहिणाऱ्यांनाही त्या बहिणीचा मोह सुटत नाही. मला स्वतःला टॉकमनच जास्त भिडतो. त्याचं आयुष्य दुसऱ्या कोणाच्या तरी अव्यवस्थेने मोडलं, कागद डॉक्टरांकडे मिसळले. काका म्हणतात ते फ्यूगेटला लागू आहे, त्याला नाही. त्याने कुठलं फडकं कापलं?

पाव_सेकंद

हे बरोबर पकडलंत. मला उत्तर सुचत नाहीये. सहा महिने ऐकल्यावर दुसऱ्या डॉक्टरकडे जायला हवं होतं, असं म्हणता येईल, पण ते म्हणणं क्रूर आहे. टॉकमन तुमचा, राहू दे.

शाईचा_डाग

काका, तुमच्या साहेबांचं वाक्य मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवतो. एक विचारायचं होतं. माझा खलनायक अमेरिकेत, सरकारी शस्त्र कारखान्यात टाइम स्टडी करणारा दाखवलाय, काळ 1940 च्या आसपास. हातात स्टॉपवॉच, मागे रांगेत कामगार, असं पूर्ण पानभर चित्र आहे. कपडे-टोप्या वगैरे तपासलंय. आणखी काही चुकतंय का?

पाव_सेकंद

स्टॉपवॉच चुकतंय.

मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउन शस्त्रागारात ऑगस्ट 1911 मध्ये ओतकाम करणाऱ्यांनी घड्याळाखाली काम करायला नकार दिला आणि बाहेर पडले. फ्रेडरिक टेलरचं वैज्ञानिक व्यवस्थापनाचं पुस्तकही त्याच सालचं. त्या संपावरून प्रतिनिधीगृहाने चौकशी समिती नेमली, स्वतः टेलरची तिथे साक्ष झाली. पुढे काँग्रेसने खर्चाच्या विधेयकातच कलम घातलं की अशा कामगारांवर स्टॉपवॉच लावायला सरकारी पैसा वापरायचा नाही. ती बंदी 1949 पर्यंत होती. तुमच्या माणसाने 1940 मध्ये तिथे घड्याळ उघड बाहेर काढलं असतं तर त्यालाच हाकललं असतं.

शाईचा_डाग

अरे देवा. आठ दिवस लागले होते त्या पानाला.

थांबा, पण मग त्याने ते खिशात ठेवलं तर? हात खिशात, अंगठा कळीवर, आणि तो नुसता उभा राहून बघतोय. कामगारांना कळत नाही, वाचकाला कळतं.

पाव_सेकंद

कळ दाबली की टक् आवाज येतो. ओतशाळेत ऐकू येणार नाही, पण जेवणाच्या सुट्टीत मशिनं थांबली की येईल. त्या वेळी त्याला कोणाची वेळ मोजावीशी वाटेल, ते तुम्ही बघा.