(फोनच्या तारेवरून इंटरनेट लागायचं त्या काळातला, अमेरिकेतला मेल-संवाद)

रि: रि: प्रूफ उतरत नाहीये

मुद्रितशोधन:
काल रात्री तिसऱ्यांदा. प्रूफची 6 एमबीची पीडीएफ मेलमध्ये शिरली की 8 होते. माझ्या मोडेमच्या 26.4 च्या वेगाने (सेकंदाला इतके हजार बिट) चाळीस मिनिटं, आणि पस्तिसाव्या मिनिटाला सांगलीहून सासूबाईंचा फोन. कॉल वेटिंगचं टुक् झालं की लाइन गेलीच. 56 चा नवा मोडेम आणला, आकडा तोच. छापखान्याला शुक्रवारी द्यायचंय. काही सुचतंय का कोणाला?

खजिनदार:
वहिनी, डायल करायच्या नंबराआधी *70 आणि एक स्वल्पविराम टाका, तेवढ्या कॉलपुरतं वेटिंग बंद होतं. आणि 56 चं विसरा. एफसीसीच्या, म्हणजे सरकारी दूरसंचार आयोगाच्या, नियमामुळे इथे अमेरिकेत 53 च्या वर कुणालाच मिळत नाही.

ग्रंथालय:
वेटिंग बंद म्हणजे सासूबाईंना एंगेज टोन! आमच्याकडे यावरून पाडव्याला काय झालं ते इथे लिहीत नाही. बाकी 26 ला नावं ठेवू नका. मुंबईत आमचं विदेश संचार निगमचं (सरकारी इंटरनेट कंपनीचं) शेल खातं होतं, नुसती अक्षरं दिसायची. लाइन लागली तरी घरात पेढे.

वेबसाइट:
पेढे राहू देत. कितीही वेळा लावा, 26.4 च येतोय ना? मग मोडेम बहुतेक निर्दोष आहे. घराबाहेरच्या भिंतीवर फोन कंपनीची करडी पेटी आहे, तिच्यात चाचणीचं सॉकेट असतं. लॅपटॉप तिथे लावून बघा. तिथे आकड्याने चाळिशी ओलांडली तर घरातली वायर खराब. नाहीतर कंपनीने एकाच तारेवर दोन कनेक्शनं चढवलीत. तिथे सिग्नलचं रूपांतर एकदा जास्तीचं होतं आणि 56 चं तंत्र चालतच नाही.

खजिनदार:
पाडव्याचं लिहाच.

सजावट:
मुळात प्रूफ 6 एमबीचं का? जाहिरातींची चित्रं 300 डीपीआयची, छपाईच्या दर्जाची घातलीत. शुद्धलेखन तपासायला साबणाचा फोटो कशाला लागतो?

वेबसाइट:
समितीने मागितलं तसं दिलं. मेल काढून बघा.

मुद्रितशोधन:
भांडू नका. पावसात छत्री मानेत धरून पेटी उघडली, लॅपटॉप कचऱ्याच्या डब्यावर ठेवला. 26.4. शेजारीण खिडकीतून बघत होती. फोन कंपनी म्हणते, आवाज नीट येतोय ना, मग तक्रार कसली.
नुसता मजकूर पाठवू नका, माझ्याकडे तो फाँट नाही, सगळी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. पान 14 ते 31 फॅक्स करा, त्याला हीच लाइन पुरते. रात्री दहाला. सांगलीत तेव्हा सकाळ, सासूबाई पूजेत असतात.