मिडल-अर्थमधला तुमचा क्षण कोणता? गोव्यातील रसिकांचे अनुभव

जे. आर. आर. टोल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही, मिडल-अर्थ नावाच्या काल्पनिक जगात एक घातक अंगठी नष्ट करायला निघालेल्यांची कादंबरी १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि पीटर जॅक्सन यांनी न्यूझीलंडमध्ये चित्रित केलेले तिचे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ मध्ये आले. गोव्यातील मराठी वाचकांत या दोन्हींवर प्रेम करणारे पुष्कळ आहेत. त्यांना विनंती आहे की त्यांनी आपल्या आवडीचा एकच प्रसंग निवडावा आणि तो पुस्तकात कसा होता व पडद्यावर त्याचे काय झाले, हे लिहावे. सुरुवात मीच करतो.

पणजी

माझा क्षण तिसऱ्या चित्रपटातील, डोंगरमाथ्यांवर पेटणाऱ्या इशाऱ्याच्या जाळांचा आहे. पुस्तकात जादूगार गँडाल्फ आणि हॉबिट या बुटक्या जमातीतला पिपिन गोंडोर राज्याच्या राजधानीकडे, मिनास तिरिथकडे, निघालेले असताना हे जाळ आधीच पेटलेले दिसतात. गँडाल्फ धावत्या घोड्यावरून अमोन दीन, आयलेनाख, नार्दोल अशी त्या डोंगरांची नावे घेत जातो आणि कथा पुढे सरकते. चित्रपटात मात्र गोंडोरचा कारभारी डेनेथॉर शेजारच्या रोहन राज्याकडे मदत मागायला तयार नसतो, म्हणून गँडाल्फ पिपिनला वर चढायला पाठवतो आणि पहिला जाळ चोरून पेटवला जातो. त्यानंतर संवाद अगदी मोजके आहेत. कॅमेरा हिमाच्छादित कड्यांवरून जात राहतो, दूरवरच्या माथ्यावर ज्वाळा उठते, तिच्या पलीकडे आणखी एक, आणि हॉवर्ड शोअर यांचे संगीत गोंडोरची धून चढवत नेते, ते गोंडोरचा वारस अरागॉर्न धावत रोहनचा राजा थिओडेन याच्या दालनात शिरेपर्यंत. ढगांच्याही वर, लाकडांच्या राशीशेजारी, कधी येईल हे ठाऊक नसलेल्या एका रात्रीसाठी कोणीतरी पहारा करत बसलेले असते, आणि चित्रपट त्या अनाम पहारेकऱ्यांना क्षणभर का होईना, आपल्यासमोर आणतो. मांडवीच्या मुखाशी असलेले आग्वादचे दीपगृह मी लहानपणापासून पाहत आलो; तेथे रात्र जागवणाऱ्या माणसांचा विचार मात्र हा प्रसंग पाहिल्यावर मनात आला. पुस्तकात रोहनकडे मदतीची खूण म्हणून लाल बाण घेऊन दूत येतो, तो चित्रपटात नाही. माझ्या मते या जाळांनी त्याची जागा पूर्णपणे भरून काढली आहे.

डिचोली

आमच्या गावच्या जत्रेत देवळासमोर नाटक होते आणि त्यात मी बरीच वर्षे भूमिका करत आलो आहे, त्यामुळे माझी निवड नटाच्या नजरेतून झाली आहे. दुसऱ्या चित्रपटात अंगठीच्या मोहाने बिघडलेल्या एका प्राण्याची दोन मने, स्मीगल आणि गोलम, एकाच देहात भांडतात, तो प्रसंग. आरंभी कॅमेरा त्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकतो. नंतर दोन वेगळी माणसे समोरासमोर बसल्यासारखी दृश्ये आलटून पालटून येऊ लागतात. पडद्यावर दिसतो तो देह संगणकावर घडवलेला आहे, परंतु त्यातील मान वळवणे, डोळे बारीक करणे आणि आवाजाचा कंप हे सारे अँडी सर्किस यांच्या अभिनयातून आलेले आहे. पुस्तकात हा वाद झोपेचे सोंग घेतलेला सॅम, म्हणजे अंगठी वाहणाऱ्या फ्रोडोचा सोबती, ऐकतो, म्हणून आपण तो सॅमच्या संशयी कानांनी ऐकतो. चित्रपटात फ्रोडो आणि सॅम झोपलेले आहेत. त्या प्राण्याजवळ आपल्याशिवाय कोणी नाही. तो गोलमला हाकलून लावतो आणि आनंदाने उड्या मारतो, तेव्हा पुढे काय होणार हे ठाऊक असूनही त्याचा विजय टिकावा असे मला मनापासून वाटते.

फोंडा

मी शाळेत शिकवते. मिनास तिरिथसमोरच्या पेलेनॉरच्या मैदानावर थिओडेनची भाची एओविन, नाझगूल या शत्रूच्या भुताळी स्वारांच्या म्होरक्यासमोर उभी राहते, तो प्रसंग मी निवडते. पुस्तकात डर्नहेल्म नावाचा एक तरुण स्वार मेरी या हॉबिटला आपल्या घोड्यावर घेतो आणि शिरस्त्राण उतरेपर्यंत तो कोण हे उघड केले जात नाही. चित्रपटात तिला आपण आधीच ओळखतो; रहस्य जाते, पण लढाई सुरू होण्यापूर्वी तिच्या चेहऱ्यावरची भीती पाहायला मिळते आणि म्हणून तिचे धैर्य मोठे वाटते. पुरुषाच्या हातून आपल्याला मरण नाही या भाकितावर शत्रू विसंबलेला असतो. हिरण्यकशिपूच्या वराची कथा ऐकत वाढलेल्या मुलांना त्यातील पळवाट समजावून सांगावी लागत नाही!

एक गोष्ट मात्र खटकते. पुस्तकात मेरीची तलवार प्राचीन थडग्यातून मिळालेली, याच शत्रूच्या राज्याशी लढणाऱ्यांनी घडवलेली असते, त्यामुळे त्या म्होरक्याला तिचा घाव वर्मी लागण्याला फार जुने कारण आहे. टॉम बॉम्बाडिल हे पात्र आणि ती थडगी गाळल्यामुळे चित्रपटात हे कारणच उरत नाही.

म्हापसा

मी क्रिकेटवेडा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. दुसऱ्या चित्रपटात हेल्म्स डीप या किल्ल्याच्या लढाईपूर्वी शत्रूच्या उरुक-हाय सैन्याचा जो घोष ऐकू येतो, त्यासाठी वेलिंग्टनच्या मैदानात सामना पाहायला आलेल्या हजारो प्रेक्षकांचा आवाज ध्वनिमुद्रित केला होता आणि त्यांच्याकडून तो घोष स्वतः जॅक्सन यांनी करवून घेतला होता. हे समजल्यापासून तो प्रसंग मी डोळे मिटून ऐकतो.

मडगाव

गाळलेल्या भागांविषयी फोंड्याच्या ताईंनी लिहिले. मला बदललेल्या भागांविषयी अधिक तक्रार आहे. पुस्तकातील फारामिर, म्हणजे डेनेथॉरचा मुलगा, रस्त्यात पडलेली दिसली तरी ती अंगठी उचलणार नाही असे सांगतो आणि शब्द पाळतो. चित्रपटात तो फ्रोडोला ओस्गिलियाथ या शहरापर्यंत ओढून नेतो. या बदलाबद्दल मी चित्रपटकर्त्यांना क्षमा करू शकलो नव्हतो, तोच तिसऱ्या चित्रपटात पिपिनचे गाणे आले. पुस्तकात डेनेथॉर त्याला गाता येते का, एवढेच विचारतो. येथे तो खरोखर गातो. बाप जेवत असतो आणि मुलगा त्याच्याच हुकमाने मरणाकडे घोडा दौडवत असतो. शब्द पहिल्या खंडातील वाटचालीच्या गाण्यातून घेतलेले आहेत आणि चाल पिपिनची भूमिका करणाऱ्या बिली बॉइड यांनीच बांधलेली आहे. फारामिरवर झालेल्या अन्यायाची भरपाई या प्रसंगाने बरीचशी केली, असे मी मानतो.

वास्को

मी बोटीवर नोकरी करतो. माझा क्षण शेवटाकडचा, ग्रीन ड्रॅगन या मद्यालयातला आहे. चौघे हॉबिट मित्र जग वाचवून परततात, एका मेजाभोवती बसतात, आणि आजूबाजूच्या कोणालाच त्याचा पत्ता नसतो. मोठ्या सफरीवरून घरी आलेल्या आम्हा तारवटींना तो मेज चांगलाच ओळखीचा आहे, कारण वादळाची गोष्ट सांगायला तोंड उघडावे तोवर गावातल्या लग्नाचा विषय निघालेला असतो. पुस्तकात मात्र शायर हा हॉबिटांचा प्रदेश सुरक्षित राहिलेला नाही. दुष्ट जादूगार सारुमानने त्याची दुर्दशा केलेली असते आणि हॉबिटांना स्वतःच्या गावासाठी पुन्हा लढावे लागते. ते संपूर्ण प्रकरण गाळल्यामुळे टोल्किन यांचे एक मोठे म्हणणे हरवले, हे मला मान्य आहे. तरीही सॅम उठून त्याला आवडणाऱ्या रोझीकडे चालू लागतो, तेव्हा हे धैर्य त्याला शत्रूच्या मॉर्डोर देशाच्या वाटेवर मिळाले हे एकही शब्द न उच्चारता कळते, आणि म्हणून मी चित्रपटाचा शेवट निवडतो. ज्यांना पुस्तकातील शेवट अधिक पटतो, त्यांनी आपले कारण अवश्य लिहावे.